संशोधन : मराठीतले आणि हिंदीतले





निकाल लागले की जुलै महिन्यात आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी दाखले आणि गुणपत्रिकांच्या प्रती घ्यायला कार्यालयात येतात. पूर्वी ते इंजिनिअरिंग, बी.कॉम., बँकेची परीक्षा अशी नावे सांगत. अलीकडे दरवर्षी दोघे-तिघे तरी सांगतात, "सर, पीएच.डी.ला नाव घातले." मागून त्यांचे आई-वडील भेटतात आणि हळूच विचारतात, "सर, म्हणजे आता हा आणखी किती वर्षे शिकणार? आणि करायचे काय असते त्यात?"

प्रश्न योग्यच आहे. डॉक्टर, वकील, सी.ए. काय करतात हे प्रत्येक घरात ठाऊक असते. पीएच.डी. करणारा मुलगा दिवसभर काय करतो, हे घरात कुणालाच कळत नाही, आणि पहिले वर्षभर ते त्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे. आणखी एक कारण म्हणजे आम्ही स्वतः गेल्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन अर्धवेळ पीएच.डी.साठी नाव नोंदवले आहे. विषय आहे उज्जैनमधील मराठी शिक्षणाचा इतिहास. कोर्सवर्कच्या वर्गात आमच्या शेजारच्या बाकावर बसणारी मुलगी आपल्याच शाळेतून दहावी झालेली आहे. तेव्हा पुढे जे लिहिले आहे त्यात थोडे थोरांच्या चरित्रांतले आहे, आणि थोडे त्या बाकावरून दिसलेले.

शब्दाची गंमत

आपण उज्जैनची मराठी मंडळी दोन भाषांत वाढतो. त्यामुळे काही शब्दांची गंमत आपल्याला चटकन कळते. हिंदीत 'शिक्षा' मिळाली की आई-वडील खूश होतात, मराठीत 'शिक्षा' झाली की शाळेत बोलावणे येते. तशीच गंमत 'संशोधन' या शब्दाची आहे. मराठीत संशोधन म्हणजे नवीन ज्ञान शोधून काढण्याचे काम. त्यालाच हिंदीत 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतात. आणि हिंदीत 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण 'संविधान संशोधन' वाचतो, तिथे नवीन शोध लावलेला नसतो, आधीच्या मजकुरात सुधारणा केलेली असते.

दोन्ही शब्दांचे मूळ एकच, संस्कृत 'शुध्' हा धातू. शुध् म्हणजे स्वच्छ होणे. आजी सुपात तांदूळ घेऊन खडे वेचते तसे हे काम. खडा शोधायचा आणि तांदूळ शुद्ध करायचा, या दोन गोष्टी वेगळ्या नसतातच.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हा शब्द प्रथम हिंदी अर्थाने कानावर आला. आज वाटते, पीएच.डी.च्या नव्या विद्यार्थ्याने दोन्ही अर्थ एकदम लक्षात ठेवले तर त्याची निम्मी अडचण दूर होईल. तो मराठी अर्थाने संशोधन करायला जातो, म्हणजे काहीतरी नवे शोधायला. पण रोजचे काम बहुतेक हिंदी अर्थाचे असते. लिहिलेले दुरुस्त करायचे, समजलेले पुन्हा तपासायचे, विषयाची चौकट बदलायची. ज्याला दुरुस्ती म्हणजे अपमान वाटतो, तो या वाटेवर फार दूर जात नाही. या लेखात एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या माळव्यातल्याच माणसांच्या आयुष्यात पाहू.

उज्जैनचे हरिभाऊ

पहिले नाव अर्थातच पद्मश्री डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर, म्हणजे आपले हरिभाऊ. जन्म ४ मे १९१९ चा, नीमचचा. मुळात ते चित्रकार. उज्जैनला त्यांनी भारती कला भवन उभे केले आणि मुलांना चित्रकला शिकवली. जुनी नाणी, मूर्ती, खापरे यांच्या शोधात ते माळव्यातली खेडी पायी फिरत. आपल्या उज्जैनपासून सुमारे २५ किलोमीटरवर कायथा गाव आहे. तिथे १९६५-६६ मध्ये त्यांनी उत्खनन केले आणि चार हजार वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आली.

१९५७ साली भोपाळच्या बाजूला रेल्वेने जाताना त्यांना लांबवर खडकांचे डोंगर दिसले, जवळच्या स्टेशनावर उतरून ते पायी तिकडे गेले, असे सांगतात. ते ठिकाण म्हणजे भीमबेटका. आज तिथे सातशेहून अधिक शैलाश्रय मोजलेले आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या भिंतींवर आदिमानवाने काढलेली चित्रे आहेत. २००३ साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारसा मानले.

ही गोष्ट आपण शाळेत नेहमी सांगतो. पण नव्या संशोधकाने तिचा दुसरा भागही वाचावा. भीमबेटकाचे नाव कागदावर आधीच आलेले होते. १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आसपासच्या आदिवासींकडून ऐकून त्याची नोंद केली होती, पण ती बौद्ध स्थान म्हणून. सुमारे ७० वर्षे ती नोंद तशीच राहिली. हरिभाऊ स्वतः तिथे गेले, त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि नोंद दुरुस्त झाली. म्हणजे हे मराठी अर्थाने संशोधन झाले आणि हिंदी अर्थानेही.

पुढे त्यांनी काय केले तेही पाहण्यासारखे आहे. एकदा शोध लागला म्हणून ते थांबले नाहीत. चित्रकाराचा हात होता, त्याचा उपयोग करून त्यांनी गुहांतल्या चित्रांच्या नकला काढल्या. एका चित्रावर दुसरे चित्र काढलेले असेल तर खालचे आधीचे आणि वरचे नंतरचे, अशा रीतीने त्यांचा क्रम लावला. फ्रान्समध्ये जाऊन तिथल्या गुहाचित्रांचा अभ्यास केला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली भारतातल्या चित्रित शैलाश्रयांवर प्रबंध लिहिला. पुणे विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली ती १९७३ साली. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते, आणि भीमबेटका पाहिल्याला १६ वर्षे झाली होती. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरला त्यांचे निधन झाले.

ज्या माणसाने देशाला भीमबेटका दाखवले, त्यालाही त्यानंतर कोणाचे तरी शिष्य व्हावेसे वाटले, आपले लिखाण तपासून घ्यावेसे वाटले, हे आमच्या मते या गोष्टीतले सर्वांत मोठे.

महू आणि इंदूर

उज्जैनहून इंदूर, इंदूरहून महू. एका दिवसात जाऊन येण्याची ही वाट आहे. या वाटेवर आणखी तीन नावे भेटतात.

महूला १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परत यावे लागले. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या बोटीने येत होते, ती बोट महायुद्धात बुडाली. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. १९२३ च्या मार्चमध्ये दिलेला तो प्रबंध परीक्षकांनी तसाच स्वीकारला नाही. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहून ऑगस्टमध्ये दिला, आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य होऊन डी.एस्सी. मिळाली.

आता विद्यार्थ्यांनी इथे थांबून विचार करावा. पुढे ज्यांनी देशाच्या संविधानाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषवले, त्यांचाही प्रबंध एकदा परत आला होता. प्रबंध परत येणे म्हणजे नापास होणे नव्हे. आणखी एक गोष्ट अशी की त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यांची काही मते पटली नव्हती. तरी प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपला मतभेद स्पष्ट नोंदवूनही विचारांच्या ताजेपणाचे कौतुक केले. शिष्याने गुरूची हांजी हांजी केली नाही, आणि गुरूने त्याचा राग धरला नाही.

इंदूरला भागवतांच्या घरी दोन बहिणी जन्मल्या, दुर्गा आणि कमला. कमलाबाई, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवून बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेल्या. संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवून, अटी घालून प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांनी आपले मत बदलले. पुढे केंब्रिजला जाऊन वनस्पतींच्या पेशींतल्या 'सायटोक्रोम सी' या द्रव्यावर त्यांनी काम केले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. प्रबंध जितका जाड तितका मोठा, असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

थोरल्या दुर्गाबाईंनीही पीएच.डी.चे काम सुरू केले होते. गोंड वस्त्यांत फिरत असताना त्यांना विषबाधा झाली आणि काही वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. ती पदवी पुरी झाली नाही. पण अभ्यास थांबला नाही. लोकसाहित्य, निसर्ग, बौद्ध वाङ्मय यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले, आणि १९७५ मध्ये कराडच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. एका घरातल्या दोन बहिणींपैकी एकीला पदवी मिळाली, एकीला नाही. विद्वान दोघीही झाल्या. म्हणून पदवीला महत्त्व द्यावे, पण माणसाची किंमत तिच्यावर ठरवू नये.

पहिल्या वर्षी काय करावे

आता व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांनी नुकतेच नाव नोंदवले आहे त्यांच्यासाठी या आहेत. अकरावी-बारावीच्या मुलांनीही वाचून ठेवाव्यात.

१. विषय लहान घ्यावा. "माळव्याचा इतिहास" हा विषय नव्हे, ते कपाट आहे. त्यातला एक कप्पा उघडावा. आर.डी.सी.पुढे रूपरेखा मांडताना सदस्य पहिला प्रश्न हाच विचारतात : "नेमका प्रश्न काय आहे?" त्याचे उत्तर दोन वाक्यांत, तेही आजीला समजेल असे देता आले, तर विषय तयार झाला असे समजावे.

२. गाइड पारखून घ्यावा. नुसते मोठे नाव बघू नये. त्यांच्याकडे आधीच काम करणाऱ्यांना विचारावे : सर किंवा मॅडम लिखाण वाचून देतात का, किती दिवसांत देतात, भेटतात का? सेवानिवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हा नियम आहे. तेही आधी पाहून घ्यावे.

३. पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवाव्यात. पुस्तकाचे नाव, लेखक, वर्ष, पान, आणि ते कोणत्या ग्रंथालयात पाहिले ते. "नंतर लिहू" म्हटले की तीन वर्षांनी त्या एका पानासाठी पुन्हा प्रवास करावा लागतो. कार्ड ठेवा, वही ठेवा की संगणकावर ठेवा, पण एकाच पद्धतीने ठेवा आणि त्याची दुसरी प्रत करून ठेवा.

४. वाचन संपल्यावर लिहू, असे म्हणू नये. वाचन कधीच संपत नाही. रोज अर्धे पान लिहावे. ते चांगले नसले तरी चालेल, दुरुस्त करायला काहीतरी हातात हवे. कोऱ्या कागदाचे संशोधन कोणीच करू शकत नाही, ना मराठी अर्थाने ना हिंदी.

५. जागेवर जाऊन पाहावे. किंकेडची नोंद आणि हरिभाऊंचे पाय यांतला फरक आठवावा. आपल्या शहरात १९३१ साली स्थापन झालेली सिंधिया प्राच्य संशोधन संस्था आहे, तिथे हजारो हस्तलिखिते आहेत. संशोधनासाठी लोक लांबून तिथे येतात, आणि आपल्यातले कितीतरी जण आयुष्यभर उज्जैनमध्ये राहूनही ती पायरी चढलेले नसतात. शिंदे सरकारच्या काळातले जुने मराठी कागद मोडी लिपीत आहेत. ते वाचणारे आता थोडे उरले आहेत. आम्ही या वयात मोडी शिकायला बसलो आहोत. तरुण मंडळींना ती आमच्यापेक्षा लवकर येईल.

६. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून देऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातले साम्य १० टक्क्यांच्या वर गेले की कारवाई सुरू होते, आणि ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. हिंदी पुस्तकातला मजकूर मराठीत किंवा इंग्रजीत उलटवून लिहिला तर संगणकाला कदाचित कळणार नाही, पण ती चोरीच आहे. आता संगणकाला प्रश्न विचारला की तो क्षणात पानभर उत्तर लिहून देतो. त्यात कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावेही असतात. जे पुस्तक स्वतः उघडून पाहिले नाही, त्याचे नाव आपल्या यादीत घालू नये.

७. भाषेची भीती बाळगू नये. हिंदी माध्यमातून शिकलो, इंग्रजीत कसे लिहू, ही चिंता आपल्या मुलांना फार असते. डॉ. जयंत नारळीकरांचे बालपण बनारसला मराठी घरात गेले, शाळा हिंदी माध्यमाची होती. १९६३ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, आणि पुढे विज्ञानकथा लिहिल्या त्या मराठीत. इंग्रजी वाचण्याचा सराव रोज करावा लागतो, हे खरे. पण विचार ज्या भाषेत स्वच्छ होतो त्या भाषेत आधी करावा, मग लिहावा.

८. एकटे पडू नये. शाळा-कॉलेजात वर्ग असतो, वेळापत्रक असते, परीक्षा असते. पीएच.डी.त कोर्सवर्क संपले की यातले काहीच उरत नाही. मग कित्येक दिवस कोणी काही विचारत नाही, आणि मुले मनातल्या मनात खचतात. आमच्या वर्गातल्या मुलांनी यावर एक साधा उपाय काढला आहे. दर शनिवारी पाच जण एकत्र चहा घेतात, आणि आठवड्यात काय वाचले, काय अडले ते प्रत्येक जण दहा मिनिटे सांगतो. विषय पाचांचे पाच आहेत, तरी अडचणी बहुतेक सारख्याच निघतात.

नियमांविषयी थोडे

पालकांना वर्षांचा हिशेब हवा असतो, म्हणून थोडक्यात सांगतो. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे लागतात. जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना यापेक्षाही दोन वर्षे जास्त मिळू शकतात. स्त्रियांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा घेता येते. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे, त्यासाठी मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्यालाही आता थेट अर्ज करता येतो. २०२४ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. आणि ज्यांना जे.आर.एफ. मिळते, त्यांची शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. म्हणजे पीएच.डी. करणारे प्रत्येक मूल घरच्यांवर भार असते, असे नाही. नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना विद्यापीठाची त्या वर्षीची सूचना अवश्य वाचावी.

पालकांसाठी

एक उदाहरण सांगतो. नाव, गाव, विद्यापीठ काहीच सांगत नाही. आपल्या शाळेची एक अतिशय हुशार विद्यार्थिनी. कधी पहिला नंबर सोडला नाही. एम.एस्सी. झाल्यावर दुसऱ्या शहरात पीएच.डी.ला गेली. आठ महिने खपून पहिले प्रकरण लिहिले. गाइडकडून ते परत आले तेव्हा प्रत्येक पानावर लाल खुणा होत्या, आणि शेवटी लिहिले होते, "पुन्हा लिहा." तिने रडत घरी फोन केला. घरचे म्हणाले, "मग सोड ना. तुला कोणी सांगितले होते एवढे?" त्याच सुमारास एक स्थळही आले होते. दीड वर्षाने तिने नाव काढून घेतले.

यात गाइडने काही वाईट केले नव्हते. घरच्यांचेही तिच्यावर प्रेमच होते. फक्त प्रकरण परत येणे ही या कामातली रोजची गोष्ट आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. ते एकाला जरी ठाऊक असते, तर फोनवर दुसरे वाक्य गेले असते : "परत आले? म्हणजे त्यांनी शेवटपर्यंत वाचले. जेवून घे आणि उद्या पुन्हा बस." एवढ्या एका वाक्यावर कधी कधी मुलीची पाच वर्षे अवलंबून असतात.

म्हणून पालकांना तीन विनंत्या आहेत. पहिली, "कधी संपणार?" असे दर सणाला विचारू नका. "सध्या काय वाचतेस?" असे विचारा, आणि उत्तर पाच मिनिटे ऐका. दुसरी, गणपतीत, लग्नकार्यात नातेवाइकांनी "अजून शिकतोच आहे का?" म्हटले तर मुलाच्या आधी तुम्ही उत्तर द्या. तिसरी, मुलीच्या लग्नाची आणि प्रबंधाची शर्यत लावू नका. नियमांनी तिला वेळ दिलेला आहे. सासरच्या मंडळींशी बोलताना हा विषय पहिल्याच भेटीत काढला तर पुढचे बरेच अवघड प्रसंग टळतात. तिने मध्ये सोडले असेल तरी दार कायमचे बंद झाले असे मानू नये. पात्रता आणि इच्छा असेल तर नव्याने नाव नोंदवता येते. आपले हरिभाऊ ५४ व्या वर्षी डॉक्टर झाले, हे घरात सांगत राहावे.

शाळेचे काम

दुरुस्तीची सवय पंचविसाव्या वर्षी एकदम लागत नाही, ती शाळेतच लागायला हवी. म्हणून शिक्षकांशी बोलून या वर्षापासून आपण एक बदल करत आहोत. इयत्ता नववीच्या प्रत्येक प्रकल्पाचे दोन मसुदे घेतले जातील. पहिला मसुदा शिक्षक तपासून परत देतील, त्याला गुण नसतील. दुसऱ्याला गुण असतील, आणि त्यातले काही गुण फक्त या गोष्टीसाठी असतील की पहिल्यातले काय बदलले आणि का, हे विद्यार्थ्याने अर्ध्या पानात लिहावे. दोन्ही मसुदे एकाच फाइलमध्ये लावून पालकांना दाखवले जातील. पालकसभेत फाइल उघडाल तेव्हा पहिल्या मसुद्यावरच्या लाल खुणा पाहून मुलावर रागावू नका. आधी दुसरा मसुदा वाचा.

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या आहेत. एक, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत माजी विद्यार्थ्यांसाठी दोन टेबले, एक दिवा आणि संध्याकाळी दोन तास उघडे दार, एवढी सोय करावी. ज्या घरात टी.व्ही. आणि पाहुणे दोन्ही चालू असतात, तिथे प्रबंध लिहिला जात नाही. दुसरी, शाळेचे जुने हजेरीपट, इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार रद्दीत जाऊ न देता कपड्यात बांधून, नावे घालून ठेवावेत. आज ते जुने कागद वाटतात. उद्या कोणा विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा तोच आधार असेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. हिंदी आणि मराठीत रूप सारखे पण अर्थ वेगळा असे दहा शब्द शोधा. प्रत्येकाचा दोन्ही भाषांत एकेक वाक्यात उपयोग करा.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपले कुटुंब माळव्यात कधी आणि कशासाठी आले? जे सांगतील ते लिहा. मग घरात त्याला काही कागदोपत्री आधार आहे का ते पाहा. दोन्हींत फरक निघाला तर तो न लपवता लिहा.

३. शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात आपल्या आवडीच्या विषयावरचा एक प्रबंध शोधा. सगळा वाचायची गरज नाही. फक्त त्यातला मुख्य प्रश्न कोणता होता, तो एका वाक्यात लिहून आणा.

४. मागच्या महिन्यात लिहिलेला आपला कोणताही एक निबंध पुन्हा काढा आणि दुरुस्त करून आणा. किती वाक्ये बदलली ते मोजा.

चौथ्या प्रश्नाची वही आम्ही स्वतः पाहणार आहोत. ज्याची वाक्ये जास्त बदललेली असतील, त्याचे कौतुक प्रार्थनेच्या वेळी होईल.

सर्वांना नव्या शैक्षणिक वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.

आपले,
प्राचार्य